‘म्हनलो होतो’ काका

आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या बोथात कुणी घर बांधायला काढलं की पाया खणायच्या दिवशी चार माणसं हमखास हजर असतात. घरमालक, मेस्त्री, नारळ फोडायला आलेले महाराज आणि काका. पहिल्या तिघांना बोलावलेलं असतं.

काका खड्ड्याच्या काठावर हात मागे बांधून उभे राहतात, वाकून पाहतात आणि एवढंच म्हणतात, “अजून काळीच हाय. मुरूम लागला नाही. थांबू नको बापा, खाली जा.” घरमालकाच्या डोक्यात त्या घटकेला सिमेंटचा भाव, मुहूर्ताची वेळ आणि मेव्हण्याने कबूल केलेले पैसे असे तीन विषय असतात. चौथ्याला जागा नसते. तो “पाहू काका” म्हणतो. मेस्त्री तेलुगूत काहीतरी पुटपुटतो. काका वाद घालत नाहीत, निघून जातात. त्यांना घाई नसते. एक-दोन उन्हाळे सरले की खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी भेग उतरते, घरमालक पोराला पिटाळून काकांना बोलावतो, काका भेगेकडे एकदा आणि घरमालकाकडे दोनदा बघतात आणि ज्या वाक्यावरून त्यांचं नाव पडलं ते वाक्य बोलतात. “मी म्हनलो होतो.”

त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर असेल. गल्लीत ते ‘म्हनलो होतो’ काका. आणि हे एका माणसाचं नाव आहे असंही नाही. असे काका इच्चोड्यात आहेत, सोनाळ्यात आहेत, आदिलाबादेत तर वॉर्डावॉर्डाला आहेत. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेलं आणि बोथ तेव्हाच्या आंध्र प्रदेशात. दप्तरं वाटली गेली, सोयरे वाटले गेले. काका मात्र दोन्ही बाजूंना भरपूर शिल्लक राहिले.

आमचे काका निवृत्त आहेत. कोणत्या खात्यातून, यावर गल्लीत एकमत नाही. पाटबंधारे म्हणणारा एक पक्ष आहे, वीज म्हणणारा दुसरा. खरी गोष्ट अशी की त्यांनी नोकरीत कधी थापी धरली नाही की पकड. ते हिशेबाच्या टेबलावर होते. बांधकामाची बिलं त्यांच्यापुढून जायची. कुठे किती सिमेंट लागायला हवं होतं आणि किती लागलं असं लिहिलंय, यातला फरक शोधता शोधता त्यांचं शिक्षण झालं. घर कसं उभं राहतं हे इंजिनियर कॉलेजात शिकतो. घर कसं बसतं हे काका बिलांवरून शिकले. त्यामुळे नवी कोरी इमारत पाहिली की लोकांना रंग दिसतो, काकांना पुढची पंधरा वर्षं दिसतात.

भेगांवर त्यांचा विशेष जीव. आमच्याकडची काळी माती कापसाला चांगली, घराला वैरीण. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेतात अशा भेगा पडतात की बैलाचा पाय जाईल. तीच माती घराखाली असते, म्हणजे घर दरसाल थोडं उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. सगळं घर सारखं वरखाली झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण न्हाणीकडचा कोपरा ओला, उन्हाकडचा कोरडा, म्हणून एक बाजू चढते, दुसरी उतरते आणि मधल्या मध्ये भिंत फाटते. काकांचं म्हणणं साधं आहे. पाया काळी ओलांडून मुरुमापर्यंत न्यायचा. जोत्यावर घराला सगळीकडून बीम फिरवायचा. घराभोवती तीनेक फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करायची, म्हणजे छपराचं पाणी पायाशी मुरणार नाही. आणि भिंतीला खेटून मोठं झाड लावायचं नाही, कारण उन्हाळ्यात ते पायाखालची ओल ओढून घेतं. यातली शेवटची गोष्ट सांगून त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायकांचा रोष ओढवून घेतलाय.

भेग पडल्यावर मात्र ते लगेच सिमेंट भरू देत नाहीत. शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढतात. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारतात, मध्ये रुंदी मोजून लिहितात, शेजारी तारीख घालतात. भेग थांबली की चालतेय हे कळल्याशिवाय उपचार करायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि तो बरोबर आहे. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटत असेल तर मातीचा खेळ. अशा भेगेत कडक सिमेंट ठासलं की माती फुगल्यावर शेजारी नवी भेग तयार. ती थोडी खरवडून रुंद करायची, धूळ झाडायची आणि ताणलं तरी न तुटणारं लवचीक भरण भरायचं. बाराही महिने वाढतच असेल तर इंजिनियर बोलवायचा, त्या वेळी काकांनाही विचारायचं नाही, असं काका स्वतः सांगतात.

परिणाम असा की गल्लीतल्या निम्म्या भिंतींवर काकांच्या हस्ताक्षरात तारखा आहेत. एका घरी मुलगी पाहायला आलेल्या पाव्हण्यांनी सोफ्याच्या वरचा मजकूर वाचून विचारलं, हे काय लिहिलंय? मुलीच्या बापाला पटकन काही सुचेना. तो म्हणाला, “काकांची भेग आहे.” पाव्हणे चहा अर्धा ठेवून गेले नाहीत, पण त्यानंतर त्यांचं लक्ष बोलण्यात नव्हतं, छताकडे होतं. दसऱ्याला घराघरांत रंग काढतात तेव्हा या साऱ्या नोंदी पुसल्या जातात. त्या दिवशी काका कुणाच्याच घरी सोनं द्यायला जात नाहीत.

बोथात घर तीन-चार भाषांत बांधलं जातं. मेस्त्री तेलुगू बोलणारा, वायरिंगवाला दखनी, सुतार मराठी, आणि हल्ली फरशी बसवायला येणारी पोरं थेट उत्तरेकडची. मालकाला यातल्या दोन भाषा येतात. काकांना सगळ्या येतात आणि सगळ्यांत ते सारखेच अप्रिय आहेत. मेस्त्रीला माल पातळ आवडतो, कारण पातळ माल थापीखालून पटकन सरकतो. काका ओरडतात, “अन्ना, नीळ्ळु तक्कुवा!” पाणी कमी घाल. कालवताना पाणी जास्त झालं की वाळल्यावर ते उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात, तिथून पुढे पाणीच शिरतं. तोच माणूस स्लॅब पडल्यावर नेमकं उलट बोलायला लागतो. पाणी घाल, अजून घाल, आळी करून साठवून ठेव, भिंतीला ओली पोती गुंडाळ. मेस्त्रीला वाटतं म्हाताऱ्याचं काही खरं नाही. पण शास्त्र तेच आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याबरोबरच्या रासायनिक क्रियेनं घट्ट होतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे सरकतो तेव्हा ते पाणी दुपारच्या आत पळून जातं. साध्या सिमेंटला निदान 7 दिवस आणि राख मिसळलेल्या, म्हणजे आजकालच्या बहुतेक पोत्यांतल्या सिमेंटला 10 दिवस तरी ओल हवी, अशा उन्हात त्याहूनही जास्त. पहाटे कुणाच्या स्लॅबवर पाण्याचा आवाज आला तर कुत्री भुंकत नाहीत. त्यांना माहीत आहे, काका आहेत.

वाळूच्या बाबतीत त्यांनी स्वतःची थोडी बदनामी करून घेतली. वाळूत माती किती, हे पाहायला ते पारदर्शक बाटली घेऊन येतात, अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि जोरजोरात हलवून ती कट्ट्यावर ठेवतात. दोन-तीन तासांनी वाळू खाली बसते आणि मातीचा गाळ वर वेगळा थर धरतो. थर जाड असला की वाळू परत पाठवा. परीक्षा बिनखर्चाची आणि खात्रीची. पण भर दुपारी दुसऱ्याच्या बांधकामावर पाठमोरा बसून बाटली हलवणारा आणि मग तिच्याकडे टक लावून पाहणारा ज्येष्ठ नागरिक, हे दृश्य रस्त्यानं जाणाऱ्याला काय सांगतं, याचा त्यांनी कधी विचार केला नाही. काकूंच्या कानावर ते दोन वेगवेगळ्या भाषांतून गेलं.

पावसाळा हा काकांचा हंगाम. श्रावणात पोचेऱ्याचा धबधबा पाहायला नांदेडहून, हैदराबादहून पाव्हणे येतात, मुक्काम करतात, आणि रात्री त्यांच्या अंथरुणावर धबधब्याची घरगुती आवृत्ती सुरू होते. बहुतेक ठिकाणी ती पंख्याच्या हुकातून. काका आले की आधी खोलीतली एमसीबी खाली पाडायला लावतात, आणि हे त्यांचं वाक्य कुणीही तोडू नये. ओला पंखा चालू ठेवून बालदी सरकवत बसणाऱ्यांना मी पाहिलंय. मग ते डागाकडे ढुंकूनही न बघता जिना चढतात. “डाग जिथं, भोक तिथं नसते बापा.” स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सळईच्या, वायरीच्या नळीच्या कडेनं चालत चालत लांब जातं आणि जिथं वाट मिळेल तिथं टपकतं. पंख्याचा हुक ही त्याची आवडती वाट.

गच्चीवर काका तीन ठिकाणं पाहतात. पहिलं पाणी जायचं तोंड. तिथं पाचोळा, मागच्या वर्षीचा पतंग आणि पोरांचा चेंडू असतो, आणि शंभरातली कित्येक घरं एवढं काढल्यावर गळायची थांबतात. दुसरं, गच्ची आणि कठडा जिथं मिळतात तो कोन. तो काटकोनात ठेवला की उन्हानं तिथं हमखास फट पडते. म्हणून तिथं गोलाई देऊन माल भरायचा. तिसरं, टाकीखालचा पाइप जिथून आत जातो तो भाग. एवढं करून समजलं नाही तर मे महिन्यात गच्चीची तोंडं बांधून दोन-चार बोटं पाणी एक दिवस उभं ठेवायचं आणि खाली बघत बसायचं. ही परीक्षा उत्तम आहे. अडचण एवढीच की मे महिन्यात गच्चीत साठवायला पाणी आणायचं कुठून, हे काका सांगत नाहीत. आतून ओल दाबणारा रंग किंवा पुट्टी लावायचा सल्ला देणाऱ्या दुकानदाराचं नाव काढलं की ते घोटभर पाणी पितात. पाणी वरून येतंय, तर ते वरच अडवायला हवं. आतला रंग दिवाळीपर्यंत टिकतो आणि मग पोपड्यांसकट जेवणाच्या ताटात येतो.

कवेलूंच्या घरांविषयी ते हळवे होतात. मृग लागायच्या आधी छपरावर चढून कवेलू फेरायचे, फुटके काढायचे, आणि घर थंडगार. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळुरात काढला, तिथून ती कौलं देशभर गेली, हा इतिहास ते कुणी न विचारता सांगतात. ही संस्कृती बुडवली ती माकडांनी. टोळी छपरावरून एकदा गेली की फेरलेले कवेलू पुन्हा फेरावे लागतात. 2020 मध्ये निर्मलजवळ सरकारनं माकडांसाठी पुनर्वसन केंद्र काढलं, पण आमच्याकडच्या माकडांना तिथलं निमंत्रण बहुधा मिळालं नाही. लोकांनी कंटाळून पत्रे टाकले. आणि पत्र्यांना स्क्रू ठोकले ते पन्हळीच्या खोलगट भागात, कारण तिथं स्क्रू सहज बसतो. पाणीही तिथूनच वाहतं. स्क्रू उंचवट्यावर हवा आणि त्याच्याखाली रबरी वॉशर हवा, एवढी एक गोष्ट गावानं ऐकली असती तर काकांचं पावसाळी काम निम्म्यावर आलं असतं. ते त्यांना कितपत आवडलं असतं, हा वेगळा प्रश्न.

दारांचंही तसंच. आषाढात दार फुगून चौकटीत अडकतं, घरातला कर्ता पुरुष वैतागून सुताराला बोलावतो, सुतार रंधा मारतो, आणि मार्गशीर्षात त्या फटीतून आमच्याकडची थंडी बिनदिक्कत आत येते. काका म्हणतात, पावसाळ्यात रंध्याला हात लावू नका. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. तेच ढिले होऊन दार खाली झुकलेलं असतं. भोक मोठं झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावून बांबूची काडी ठोका, वाळू द्या, मग स्क्रू पिळा. तरी अडलं तर कडेला मेणबत्ती घासा. थंडीत लाकूड आपोआप आक्रसतं. पूर्वी ही अडचण कमी होती, कारण आदिलाबादच्या जंगलातलं जुनं सागवान वाळवून वापरत. आता ओलं लाकूड गाडीतून उतरतं आणि तसंच चौकटीला चढतं.

हार्डवेअरच्या दुकानात मात्र काका शिरले की शेठच्या कपाळावर आठी. नळ गळतो म्हणून नवा नळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला काका बाजूला घेतात. “नळ नको, वॉशर घे. आन घरी जाऊन जोरात पिळू नको. वॉशर झिजलेला असताना पिळला की आतली बैठक कापल्या जाते.” पंखा हळू फिरतो म्हणून नवा पंखा बघणाऱ्याला ते अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हातात देतात. शेठनं एकदा त्यांना खुर्ची देऊ केली, दुकानाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे.

विजेच्या बाबतीत काकांचा जीव अर्थिंगच्या खड्ड्यात. कोळसा आणि मीठ घालून पुरलेली ती पट्टी उन्हाळ्यात माती कोरडी पडली की नीट काम करत नाही. गळती झालेली वीज जमिनीत जाण्याऐवजी माणसाला शोधते. म्हणून काका एप्रिलपासून रोज तिथं पाणी ओततात. नळ येण्याची वाट बघत बसलेल्या काकू हे पाहतात. “पेयाला पानी नाही, आन हे खड्ड्याला पाजतेत,” असं त्या शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात. वायरिंगवाल्याला तर काका घाम फोडतात. “भाई, पैले मेन बंद करो, बाद में बात करो. टेस्टर पे भरोसा नक्को.” हे मात्र तोही निमूट ऐकतो, कारण टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून वायर मेलेली आहे असं मानणारे सगळेच म्हातारे होत नाहीत.

एवढं वाचून तुमचा अंदाज असा झाला असेल की काकांचं स्वतःचं घर गळत असणार. मीही तशीच आशा धरून होतो. एका मुसळधार रात्री मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे गेलो. छत कोरडं. भिंती कोरड्या. दार एका बोटानं लागलं. घरात एक तेलुगू कॅलेंडर आणि एक कालनिर्णय, दोन्ही ड्रिल करून, गिट्टी ठोकून, लेव्हल लावून टांगलेली. कारण हातोडीनं खिळा मारला की प्लास्टर आतून सुटतं आणि भिंत पोकळ वाजायला लागते. काकूंना लग्नापासून त्या घरात एक खिळा मनासारखा मारता आलेला नाही. गल्लीची काकांवरची खरी तक्रार हीच आहे. चुकणाऱ्या माणसाचा सल्ला आपण आनंदानं ऐकतो. बरोबर असणाऱ्याचा ऐकणं फार अवघड जातं, आणि म्हणून आम्ही सगळे त्यांना भेग पडल्यावरच बोलावतो.

त्यांना चुकताना मी एकदाच पाहिलं. आमच्याच न्हाणीत. प्लंबर आला नव्हता, काकांनी पाना मागितला. आट्यांवर टेप त्यांनी बरोबर गुंडाळली, आटे ज्या दिशेनं आवळतात त्याच दिशेनं, नाहीतर पिळताना ती सुटून येते. मी म्हटलं, “काका, प्लास्टिकचा आहे, हातानंच आवळा, शेवटी पान्याचा थोडासा पीळ पुरे.” पण ज्या काळातली बिलं त्यांनी तपासली त्या काळात पाइप लोखंडी होते. त्यांनी जुन्या जोरानं पिळला. टचकन आवाज झाला, आटे फुटले आणि काका डोक्यापासून चपलांपर्यंत भिजले. दारात माझी आई, बायको, शेजारचे दोघे आणि दूधवाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ते वाक्य बोललो. बोलताना मला जे सुख झालं, त्यावरून काका हे काम इतकी वर्षं विनामोबदला का करतात हे मला कळलं. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हनलं होतं खरं तू. पन मेन कॉक काहून बंद केला नाही?”

मेन कॉक बंद करायला ते मला आल्या आल्या म्हनले होते.

तेव्हा बोथात असा, नाहीतर बुलढाण्यात, घर बांधायला काढाल त्या दिवशी तुमच्या गल्लीतल्या काकांना स्वतः जाऊन घेऊन या. सावलीत खुर्ची टाका, चहा पाजा, ते मुरुमापर्यंत खणा म्हणाले तर मुरुमापर्यंत खणा, आणि पेन्सिल हवी तितकी वापरू द्या. पाना मात्र त्यांच्या हाती लागेल असा ठेवू नका.